एक गाव, सगळी वयं: सामुदायिक परिचर्येतला पहिला आरोग्य अभ्यास कसा करावा

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे गावपातळीवरचे अभ्यास बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतात. तान्ह्या बाळापासून पंच्याऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी एकच प्रश्नावली काढलेली असते, ती सकाळी अकरा ते चार या वेळेत भरली जाते आणि उत्तरं देते ती त्या वेळी घरी सापडलेली म्हातारी. मग घरातल्या सहा माणसांचं आरोग्य म्हणजे त्या म्हातारीला इतरांबद्दल जे वाटतं ते. दर वयाला वेगळं साधन लागतं, वेगळा उत्तर देणारा लागतो आणि दाराशी जायची वेळही वेगळी लागते. बीएस्सीच्या गटप्रकल्पापासून एमएस्सीच्या प्रबंधापर्यंत कुणालाही वापरता येईल अशा बेताने पुढची माहिती दिली आहे. उदाहरणादाखल एक उपकेंद्र धरलं आहे: सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्या, डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,०००.

प्रश्न आधी, शीर्षक मागून

‘अमुक विषयाच्या ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ असले प्रबंध ग्रंथालयात ढिगाने आहेत. आधी चाचणी, मग व्याख्यान, सात दिवसांनी तीच चाचणी, आणि ज्ञान वाढलं असा निष्कर्ष. शिकवल्यावर लगेच विचारलं तर ज्ञान वाढणारच. ते टाळा. मोजता येईल आणि आरोग्य केंद्राला उपयोगी पडेल असा प्रश्न धरा. उदाहरणार्थ, ‘या उपकेंद्रात साठीच्या वरच्या किती लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे आणि त्यांपैकी किती जणांच्या गोळ्या मध्येच बंद पडल्या?’

लोकांच्या दारी जाऊन विचारल्याने काय बाहेर येतं याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्याच्या ओपीडी रजिस्टरवर विसंबून हे कधीच कळलं नसतं.

परवानग्या: वरून खाली, आणि लेखी

महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी सगळ्यात आधी. तिच्याशिवाय एकाही घराचं दार वाजवू नका. मागाहून मंजुरी मिळवून जुनी माहिती वापरता येत नाही. त्यानंतर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि शेवटी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). अंगणवाडीतल्या मुलांची मापं तिथेच घ्यायची असतील तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र वेगळं लागतं. शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापक. आरोग्य विभागाचं पत्र दाखवून अंगणवाडीत शिरता येत नाही, दोन्ही खाती वेगळी आहेत. यात दोन महिने सहज जातात, वेळापत्रकात ते धरूनच चला.

संमतीचे नियम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. १८ वर्षांखाली पालकांची लेखी संमती हवीच. ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्यांची लेखी तयारीही स्वतंत्र घ्यायची. आई ‘हो’ म्हणाली आणि पोरगी मान हलवून नको म्हणतेय, तर माप घ्यायचं नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना तिथे तटस्थ साक्षीदार हवा. तुमचीच मैत्रीण साक्षीदार म्हणून चालत नाही. संमतीपत्र एका पानाचं आणि बोलीभाषेतलं असावं. ‘सदर संशोधनात स्वेच्छेने सहभागी होत आहे’ असल्या ओळी वाचून माणूस घाबरतो, त्याला घरकुलाची किंवा जमिनीची सही वाटते. आधार क्रमांक कुठेही मागू नका.

किती माणसं?

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे ती समस्या असलेल्यांची टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, आणि डी म्हणजे चालवून घ्यायची चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ नुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पी ५४, क्यू ४६, चूक ५ टक्के धरली, तर ४ × ५४ × ४६ ÷ २५ म्हणजे ३९८. दहा टक्के घरं बंद किंवा नकार धरले की ४४३. चूक १० टक्क्यांपर्यंत चालवून घेतली तर हाच आकडा शंभरावर येतो. विद्यार्थ्याला एकट्याने तेवढंच झेपतं, आणि त्यात लाज नाही, फक्त तसं लिहावं.

गोची वेगळीच आहे. ही संख्या प्रत्येक वयोगटासाठी लागते. १०० घरं म्हणजे साधारण ४५० माणसं. त्यात पाच वर्षांखालची मुलं चाळिशीच्या आतबाहेर आणि साठीच्या वरचे पन्नासेक. ‘१०० कुटुंबांचा अभ्यास’ म्हणून सुरुवात केली तर प्रौढ भरपूर मिळतात, पण लहानांबद्दल आणि म्हाताऱ्यांबद्दल काहीच ठामपणे सांगता येत नाही. म्हणून घरं मोजू नका, माणसांची यादी करा. आशाताईंकडच्या कुटुंब नोंदवहीवरून वयानुसार पाच याद्या काढा: ०–५, ६–९, १०–१९, २०–५९ आणि ६० च्या पुढे. साठीच्या यादीत ३२० नावं असतील आणि १०० हवी असतील तर चिठ्ठी टाकून पहिल्या तिघांतलं एक नाव घ्या, आणि तिथून दर तिसरं. यादी वापरण्याआधी दोन वस्त्यांवर फिरून ताजी करून घ्या. नोंदवहीत मेलेली माणसं जिवंत असतात आणि वस्तीवर नव्याने आलेली सालगड्याची कुटुंबं नसतात.

हंगाम आणि वेळ

बीड, अहिल्यानगरकडच्या गावांत दिवाळीनंतर सर्वेक्षण ठेवलं की ऊसतोडीला गेलेली जोडपी आणि त्यांच्याबरोबरची तान्ही मुलं यादीतून गायब होतात. गावात उरतात आजी-आजोबा आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडं. असा अभ्यास ‘गावाचा’ म्हणून छापणं ही फसवणूक आहे. एकतर मे-जूनमध्ये जा, किंवा कारखान्यावरच्या कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) जाऊन मोजा. मराठवाड्यात सोयाबीन काढणीच्या पंधरवड्यात कुणाला पाच मिनिटं मोकळी नसतात. पुरुष सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर भेटतात. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. दोघींची जोडी दिवसाला आठ-दहा घरं नीट करते. पंधरा-वीस घरं झाली असं कुणी सांगितलं, तर अर्धे अर्ज पारावर बसून भरलेले असतात असं खुशाल समजा. घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, मगच ‘अनुपस्थित’ लिहा. शेजारचं उघडं घर बदली घ्यायचं नाही. उघडी घरं म्हणजे म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची घरं.

वय कसं काढायचं

पाच वर्षांखाली वय महिन्यांत लागतं, आणि जन्मतारीख माता-बाल संरक्षण कार्डावरून. आईने ‘दीडेक वर्षाचा असेल’ म्हटलेलं लिहिलं की वाढीच्या तक्त्यावरचं सगळं गणित बिघडतं. म्हाताऱ्यांच्या बाबतीत स्थानिक घटनांची एक पट्टी बनवून खिशात ठेवा: १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. ‘बाहत्तरला सुकडी वाटायचे तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का, पहिलं लेकरू कडेवर होतं का?’ असं विचारलं की दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय निघतं. नुसतं ‘वय किती?’ विचारलं की सगळे साठ, पासष्ट आणि सत्तरच होतात. मुलीचं लग्नाचं वय विचारलं की उत्तर ‘अठरा’ येतं, कारण कायदा सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी लग्नाचं साल आणि पहिल्या बाळाची जन्मतारीख विचारा.

पाच वर्षांखाली

दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी निजवून, दोन वर्षांपुढे उंची उभं करून. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला निजवून मोजावं लागलं तर ०.७ सेंमी वजा करा. लहान मूल आडवं पडेना म्हणून उभं मोजलं तर तेवढेच मिळवा. लांबी घ्यायला दोघी लागतातच. एक डोकं फळीला टेकवून धरते, दुसरी गुडघे हलके दाबून सरकती पट्टी तळव्यांना लावते. आईला बाळाच्या तोंडासमोर बसवा, डोक्यामागे उभं केलंत तर बाळ मान वळवून तिच्याकडे बघतं आणि माप चुकतं. मोठ्या मुलींच्या उंचीला वेणीचा अंबाडा आणि चाप आड येतो; केस सोडा, निदान बाजूला करा. वजनाआधी चांदीचे वाळे आणि जाड करदोटा काढायला आई तयार नसते, तेव्हा वादात न पडता तशी नोंद करा. काटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासा. किराणा दुकानातून मोजून आणलेली ५ किलो साखरेची पिशवी पुरते.

दंडघेर ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा, डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर. कोपर वाकवून मध्य काढायचा, खूण करायची, मग हात सैल सोडायला लावून पट्टी गुंडाळायची. पट्टी आवळली की मूल उगाच कुपोषित ठरतं. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. उंची-वजनाने आणि दंडघेराने सापडणारी मुलं नेहमी तीच नसतात. दोन्ही घ्या आणि दोन्ही वेगवेगळी मांडा.

स्तनपानाबद्दल विचारताना ‘वरचं काही देता का?’ हा प्रश्न फुकट जातो. घुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर यांना कुणी ‘वरचं’ समजत नाही. एकेकाचं नाव घेऊन, ‘काल सकाळपासून आज सकाळपर्यंत’ असं विचारा.

शाळकरी आणि किशोरवयीन

शाळेत मापं घेणं सोपं, म्हणून सगळे तिथेच जातात. पण शाळा सोडलेली आणि लग्न झालेली मुलगी शाळेत नसते, आणि रक्तक्षयाची भीती तिलाच जास्त. यादी गावाची धरा, शाळेची नको.

मुलींशी बोलायला परिचारिकाच हवी, आणि आई किंवा शिक्षिका ऐकू येईल इतक्या जवळ नको. पाळीबद्दल पुस्तकी शब्द नकोत, त्या भागात ‘बाहेर बसणं’, ‘कावळा शिवणं’ जे म्हणत असतील ते वापरा. गोपनीयतेचं वचन देतानाच मर्यादा सांगा. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. आधी ‘कुणाला सांगणार नाही’ म्हणायचं आणि मग पोलिसांत जायचं, हा विश्वासघात होतो. अशा वेळी काय करायचं, हे मार्गदर्शकांशी बोलून अभ्यास सुरू होण्याआधीच कागदावर ठरवा.

कर्ते वय

तीस वर्षांपुढे सीबॅक अर्ज (रक्तदाब, मधुमेहासारख्या आजारांचा धोका गुणांनी मोजणारा सरकारी अर्ज) भरून घ्या, आशाताईंना तो ओळखीचा असतो. गुण ४ च्या वर गेले की तपासणीला प्राधान्य. कंबर बायांची ८० सेंमीपर्यंत, पुरुषांची ९० सेंमीपर्यंत ठीक. साडी-परकराच्या नाडीवरून माप घेतलं तर दोन-तीन सेंमी सहज वाढतात. तंबाखूचा प्रश्न हमखास चुकतो. ‘तंबाखू खाता का?’ म्हटल्यावर बाई ‘छे!’ म्हणते, आणि सकाळी दोनदा मिश्री लावते. मिश्री, तपकीर, गुटखा, मावा, विदर्भात खर्रा: एकेक नाव घ्या.

सासूसमोर सून पांढरं जाण्याबद्दल बोलत नाही. जोडीतल्या एकीने सासूबाईंचा रक्तदाब अंगणात मोजायला घ्यावा, तेवढ्यात दुसरीने आत सुनेशी बोलून घ्यावं. यात लबाडी नाही, सासूबाईंचं मापही हवंच असतं.

रक्तदाब हे सगळ्यात निष्काळजीपणे घेतलं जाणारं माप. पाच मिनिटं शांत बसू द्या, पाठीला टेकण, पाय जमिनीवर, मांडी नको, दंड छातीच्या पातळीवर. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा बिडी झालेली नको. लघवीची घाई असली तरी आकडा चढतो. ब्लाऊजची घट्ट बाही वर सारून पट्टा बांधू नका. पट्ट्यातला फुगा दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढणारा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की निरोगी बाई रुग्ण ठरते. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन मापं घेऊन सरासरी काढा. पाऱ्याच्या यंत्राने घेतलेल्या नोंदींत सगळे आकडे ० किंवा ५ वर संपत असतील, तर ते अंदाजाने लिहिलेले आहेत. परीक्षक तेच आधी बघतात.

बोटाचं रक्त

हिमोग्लोबिनसाठी मधलं किंवा अनामिका बोट, टोकावर नाही, कडेला. हात गार असेल तर चोळून ऊबदार करा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं राहिलं तर रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा, पुढचा आपोआप येऊ द्या. बोट पिळलं की पेशींबाहेरचं पाणी मिसळतं, आणि अर्धं गाव रक्तक्षयी निघतं. पट्टी किंवा क्युव्हेट (यंत्रात घालायची रक्ताची छोटी कुपी) एकदाच, सलग भरायची. हवेचा बुडबुडा आला तर टाकून दुसरी घ्या. बाटलीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने आतला माल खराब होतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. अर्ध्या लोकांचं साहलीने (नळीतला रंग डोळ्यांनी ताडायची जुनी पद्धत) आणि अर्ध्यांचं डिजिटल यंत्राने करू नका, ते आकडे एकत्र करता येत नाहीत.

रक्तक्षयाची मर्यादा वयानुसार बदलते. नेहमीच्या वापरातल्या: ५ ते ११ वर्षं ११.५, १२ ते १४ वर्षं १२, गरोदर नसलेल्या स्त्रिया १२, गरोदर ११, पुरुष १३ ग्रॅम. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काही मर्यादा बदलल्या. ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी आता १०.५ आहे. कोणत्या वर्षाच्या मर्यादा धरल्या ते प्रबंधात लिहा, नाहीतर जुन्या आकड्यांशी तुलना फसते.

साठीच्या पुढे

इथे घाई चालत नाही. कानाने कमी ऐकणाऱ्याला ओरडून प्रश्न विचारला की गल्ली गोळा होते आणि खरं उत्तर मिळत नाही. जवळ, समोर बसा आणि हळू बोला. मुलगा मध्ये बोलत असेल तर त्याचं मत वेगळ्या रकान्यात घ्या. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारण्यापेक्षा ‘गोळ्यांची पिशवी आणा’ म्हणा. पिशवीत एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, मुदत संपलेल्या गोळ्या आणि शेजारणीच्या गुडघ्यांच्या गोळ्या एकत्र निघतात. रक्तदाब बसून घेतल्यावर उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचा धोका आहे. हात धरायला दुसरी परिचारिका शेजारी हवीच.

रोजच्या कामांसाठी काट्झची सहा कामांची सूची सोपी: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण. स्वयंपाक आणि कपडे धुणं असलेल्या मोठ्या सूचीत मात्र आजोबांचे गुण उगाच कमी होतात. त्यांनी जन्मात भाकरी थापलेली नसते. ‘करता येत नाही’ आणि ‘कधी केलंच नाही’ हे दोन पर्याय वेगळे ठेवा.

मनाच्या आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या डब्ल्यूएचओ-५ या प्रश्नावलीत पाचच प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पैकी. १३ च्या खाली गेली तर पुढे नैराश्याची चाचणी करा. ज्येष्ठांसाठी पंधरा प्रश्नांची हो-नाही नैराश्य सूची बरी पडते. चार-पाच पर्यायांच्या प्रश्नांना म्हातारी माणसं ‘बरंय की’ एवढंच उत्तर देतात. अधिकृत मराठी आवृत्ती आहे का ते आधी बघा. नसेल तर एकाने मराठीत आणायचं, दुसऱ्याने मूळ न पाहता उलट इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं.

सराव, आणि मापनातली एकवाक्यता

मुख्य अभ्यासाच्या एक-दशांश लोकांवर, दुसऱ्या गावात, आधी करून पाहा. त्यांची माहिती अंतिम अभ्यासात घ्यायची नाही. मोजणाऱ्या एकाहून जास्त असतील तर दहा मुलांची उंची प्रत्येकीने दोनदा, आधीचा आकडा न बघता घ्यावी. कुणाचे आकडे सारखे वर-खाली जातात ते तिथेच कळतं, आणि तिला मोजण्याऐवजी लिहिण्याचं काम देता येतं.

सापडलेल्या रुग्णाचं काय

मोजून निघून जायचं नाही. पाठवणीच्या चिठ्ठ्या छापून बरोबर ठेवा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली किंवा रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन. तीव्र कुपोषित मूल सापडलं तर अंगणवाडीताई आणि आशाताई दोघींना सांगा, ग्राम बाल विकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्राचा मार्ग त्यांच्याकडूनच जातो. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका. घरच्या विश्वासातल्या माणसाला जवळ बोलवा, डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर छापलेलाच असू द्या. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हाही द्या.

नोंदी आणि निकाल

नाव आणि संकेतांक यांची जोडयादी एका वहीत, बाकी माहिती दुसरीकडे, आणि दोन्ही एका पिशवीत कधीही नकोत. एक्सेलमध्ये रिकामा चौकोन ठेवू नका. ‘विचारलं नाही’, ‘सांगितलं नाही’ आणि ‘लागू नाही’ यांना तीन वेगळे अंक द्या. दर संध्याकाळी अर्ज गावातच तपासा, म्हणजे राहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारता येतो.

निकाल मांडताना सगळ्या वयांची एकत्र टक्केवारी काढू नका. ‘गावातल्या ४० टक्के लोकांना आरोग्याची समस्या’ हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. वयोगटानुसार, स्त्री-पुरुष वेगळे, प्रत्येक टक्केवारीशेजारी ती किती माणसांतून काढली तो आकडा.

आरोग्य केंद्राला अहवाल द्याच, आणि गावासाठी एका पानावर मोठ्या अक्षरांत पाच-सहा ओळींचा निकाल १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचायला द्या. तो लिहिताना लहान आकडे झाका. गावात ऐंशीच्या पुढच्या तीनच बाया असतील, तर ‘ऐंशीपुढच्या तिघींपैकी एकीला नैराश्य’ असं वाचल्यावर ती कोण हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला कळतं. तिथे ‘साठीच्या पुढे’ एवढाच गट ठेवा.